न कापता, न दाबता: मानकुराद तयार झालाय हे ओळखायचं कसं?

फोंड्याची_माई | ३ मे, सकाळी ८:४०

नमस्कार. फोंड्याजवळ आमचं लहानसं भाट, म्हणजे फळझाडांची बाग आहे. सासऱ्यांनी लावलेली मानकुराद आंब्याची पाच झाडं, एक मुसराद आंब्याचं आणि कुंपणाला टेकलेला एक फणस. आंबे उतरवायच्या दिवशी सासरे झाडाखाली उभे राहून वर बघायचे आणि "तो नको, त्याच्या उजवीकडचा काढ" एवढंच बोलायचे. ते गेल्याला दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी मी पाडेलीला, म्हणजे झाडावर चढून फळं काढणाऱ्याला, सरसकट सगळे काढायला सांगितले आणि पुण्याला मुलीकडे दोन पेट्या पाठवल्या. आंबे वरून पिवळे झाले, मग साल सुरकुतली, आणि आत आंबट, चिवट गर. मुलीने मला काही कळू दिलं नाही. नातीने फोनवर सांगितलं, "आजी, आंबे फेकले."

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. सगळे म्हणतात एक कापून बघ. पण एक कापला तर त्या एकाचंच कळतं, बाकीच्या दोनशेंचं काय? फळाला इजा न करता ओळखायची काही रीत आहे का? ज्यांना हाताने, नाकाने, कानाने किंवा यंत्राने कळतं त्या सगळ्यांनी सांगा.

डिचोलीकर | ३ मे, सकाळी ९:०५

वास. देठाशी नाक न्यायचं. दुसरं काही लागत नाही.

फोंड्याची_माई | ३ मे, सकाळी ९:२०

डिचोलीकर, आंबा वीस फुटांवर आहे हो. आणि हिरव्या आंब्याला वास येत नाही.

पेडण्याचा_बागायतदार | ३ मे, दुपारी १:३०

माई, इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. ते सुटे केले की अर्धं काम झालं. आंबा *तयार* झालाय का, हा एक प्रश्न. आंबा *पिकलाय* का, हा दुसरा. डिचोलीकरांचं नाक दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. तुमचं गेल्या वर्षीचं नुकसान पहिल्या प्रश्नात झालं.

आपल्या भाषेत यासाठी शब्द आहेत, ते आपण वापरायचे सोडले. कोवळा, मग बाठा धरलेला, मग जून, मग पाडाला आलेला, आणि शेवटी पिकलेला. जून आंबा अढीत घातला तर पिकतो. कोवळा घातला तर नुसता पिवळा पडतो आणि सुरकुततो. कारण झाडावर असताना आंबा साखर साठवत नाही, पिष्ट साठवतो. उतरवल्यावर त्या पिष्टाची साखर होते. झाडावरून पुरेसं पिष्ट घेऊन आलाच नाही तर अढीत गोड कशाचा होणार?

कोकणात याचं माप आण्यांत करतात. चौदा आणे म्हणजे साधारण ८५ टक्के तयार. लांब पाठवायचा आंबा चौदा आण्याला काढायचा.

आता खालून बघून काय दिसतं ते सांगतो. कोवळ्या आंब्याचे खांदे उतरते असतात, देठ टेकाडावर बसल्यासारखा दिसतो. जून झाला की खांदे भरतात, देठाच्या वर येतात आणि देठ खळग्यात जातो. गाल फुगतात. गडद हिरव्याचा फिकट, जरा तेलकट हिरवा होतो. सालीवरचे बारीक ठिपके उठून दिसायला लागतात. तुमचे सासरे खालून हे खांदेच बघत असणार. एक महत्त्वाचं: एका झाडावर मोहोर दोन-तीन वेळा येतो, म्हणून एकाच फांदीवर तीन वयांचे आंबे असतात. सरसकट उतरवणं तिथेच चुकतं. झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली काठी, घेऊन दोन-तीन खेपांत काढा.

म्हापसा_शुक्रवार | ३ मे, संध्याकाळी ६:१०

बागायतदारांनी रंगाला पहिलं स्थान दिलं नाही ते बरं केलं. मानकुराद हे नावच पोर्तुगीज 'मालकोराद'वरून आलं असं मानतात. म्हणजे वाईट रंगाचा! ज्या आंब्याला रंगावरून नावं ठेवली गेली तोच आज गोव्याचा राजा आहे, हंगामाच्या सुरुवातीला डझनाला हजारो रुपये मोजतात. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मी तीस वर्षं बाजारात फळं विकतो. हात जोडून एकच विनंती: दाबू नका. लोकांना वाटतं दाबणं म्हणजे काही इजा नाही. एका सकाळी एका आंब्याला पंधरा अंगठे लागतात. त्या वेळी काही दिसत नाही. दोन दिवसांनी त्याच जागी काळा मऊ डाग येतो, आणि ज्याने तो घरी नेला तो म्हणतो विक्रेत्याने फसवलं. दाबणं हे कापण्याचंच हळू रूप आहे.

विज्ञान_शिक्षक_मडगाव | ४ मे, सकाळी ७:१५

बागायतदारांच्या पिष्टावरून पुढे जातो. पिष्ट साठलं की फळाची घनता वाढते. त्यामुळे साधी परीक्षा: बादलीभर पाण्यात आंबा सोडा. कोवळा तरंगतो, जून बुडतो. हापूसच्या बाबतीत ही कसोटी अभ्यासलेली आहे, विशिष्ट घनता १.०० ते १.०२ झाली की काढायला योग्य मानतात.

त्याहून बारीक चाळणी हवी तर दुसऱ्या बादलीत मिठाचं पाणी घ्या. लिटरला २५ ग्रॅम मीठ घातलं की घनता १.०१५च्या आसपास जाते. साध्या पाण्यात बुडाला पण मिठाच्या पाण्यात तरंगला, तो मधला. दोन्हीकडे बुडाला तो पुरता जून. घरातला वजनकाटा आणि दोन बादल्या, एवढंच लागतं. देठ बोटाच्या पेराएवढा ठेवा, म्हणजे चीक सालीवर येणार नाही. पाणी गार नको: उन्हातून आलेलं गरम फळ गार पाण्यात टाकलं तर देठातून पाणी आत ओढलं जाऊ शकतं. नंतर साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा.

रत्नागिरीची_सून | ४ मे, सकाळी १०:००

मी माहेरची वास्कोची. सर, पाण्याची परीक्षा आम्हीही करतो, पण एक सावधगिरी. जितका जास्त बुडेल तितका चांगला असं धरू नका. हापूसमध्ये फार जून झालेल्या, जड फळांत साका जास्त निघतो. बाहेरून आंबा देखणा, वासही सुंदर, आणि कापला की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. घरी पाहुण्यांसमोर असा आंबा निघाला की फार वाईट वाटतं. साका बाहेरून दिसत नाही, दाबून कळत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक्स-रे काढून तो ओळखता येतो हे १९९३ मध्ये दाखवलं होतं. पण घरोघरी एक्स-रे कुठून आणायचा? म्हणून आम्ही चौदा आण्यालाच काढतो, सोळा आण्याची वाट बघत नाही.

डिचोलीकर | ४ मे, सकाळी १०:२५

साक्याचा अनुभव आलाय. नाकावरचा विश्वास थोडा कमी करतो.

पर्रा_माझं_गाव | ४ मे, रात्री ९:४०

आंब्याचं चाललंय, पण आमच्या पर्र्याच्या कलिंगडांबद्दल कोणी बोला की. लहानपणी शेतात बाबा कलिंगडावर बोटाने टिचकी मारायचे आणि आम्ही श्वास रोखून ऐकायचो. कोवळ्याचा आवाज टणटणीत, पिकलेल्याचा खोल, घुमल्यासारखा. टिचकी आधी स्वतःच्या कपाळावर मारा, मग छातीवर, मग पोटावर. कपाळासारखा आवाज म्हणजे कच्चं, छातीसारखा म्हणजे बरोबर, पोटासारखा म्हणजे उतरलं.

विज्ञान_शिक्षक_मडगाव | ५ मे, सकाळी ७:००

यामागे पक्कं शास्त्र आहे. फळ म्हणजे एक घंटा समजा. गर टणक असेल तर कंपन जलद, स्वर चढा. गर सैल झाला की स्वर उतरतो. पण एक अडचण आहे: मोठ्या घंटेचा स्वरही खालीच असतो. म्हणून लहान कच्चं आणि मोठं कच्चं यांचा आवाज वेगळा येतो आणि आपण फसतो. प्रयोगशाळेत यावर तोडगा म्हणून नुसती कंपनसंख्या न धरता कंपनसंख्येचा वर्ग गुणिले वस्तुमानाचा दोन-तृतीयांश घात असा आकडा काढतात. त्यातून आकाराचा परिणाम वजा होतो आणि टणकपणा उरतो. घरच्यासाठी याचा अर्थ इतकाच: टिचक्या मारून तुलना करायची ती सारख्या आकाराच्या फळांची.

केप्याची_निर्मला | ५ मे, दुपारी १२:२०

सर, मला हे पटत नाही. बाजारातल्या गलक्यात स्वर कुठला ऐकू येणार? मी दोनच गोष्टी बघते. कलिंगड जमिनीवर टेकतं तिथला डाग: पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर ठेवून देते, लोण्यासारखा पिवळा असेल तर घेते. आणि शेतातच घेत असेन तर फळाच्या देठाजवळचा तणावा वाळून तपकिरी झालाय का. चुकल्याचं आठवत नाही. कलिंगड तोडल्यावर गोड होत नाही, अननसही नाही. त्यामुळे ही दोन फळं निवडताना चुकलात तर घरी ठेवून काही उपयोग नाही. आंबा, केळी, चिकू, पपई, फणस यांचं वेगळं, ती तोडल्यावर पिकतात.

अननसाचं मधलं पान उपटून बघणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. पान सुटलं म्हणून फळ गोड असतं असं नाही. डोळे सपाट झालेत का, बुडाकडून पिवळेपणा चढतोय का, ते बघा.

पर्रा_माझं_गाव | ५ मे, दुपारी १:००

निर्मलाताई, डागाचं बाबाही बघायचे. टिचकी त्यानंतर. दोन्ही चालू द्या.

सत्तरीचा_माणूस | ६ मे, रात्री १०:३०

माईंच्या कुंपणाला फणस आहे असं पहिल्याच ओळीत आहे, त्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. फणसाचं मी सांगतो.

आधी विचारायचं, कापा की रसाळ? कापा पिकला तरी गरे टणक राहतात, त्यामुळे हाताने चाचपून काही कळत नाही. रसाळ मऊ पडतो, पण मऊ लागेपर्यंत थांबलात तर झाडावरून पडून फुटतो. म्हणून दोघांना चालेल अशा खुणा: फणसाच्या देठावर जे शेवटचं पान असतं ते पिवळं पडायला लागतं. काटे कोवळेपणी दाट आणि टोकदार असतात, जून झाला की एकमेकांपासून लांब होतात आणि टोकं बोथट होतात. थाप मारली की कोवळा 'ठक्' वाजतो, जून 'ढब'. आणि हिरव्याचा जरा पिवळट-तपकिरी होतो. या चारांपैकी तीन जुळल्या की दोरी बांधून हळू उतरवा. वास सुटायची वाट झाडावर बघू नका. आमच्याकडे तोपर्यंत माकडं आणि गवे येऊन जातात.

रानमेवा | ६ मे, रात्री ११:१५

आमच्या घरी वटवाघळांवर भरवसा. रात्री वटवाघूळ ज्या झाडावर आलं त्या झाडाचा आंबा पाडाला आला असं समजायचं. त्यांनी अर्धा खाल्लेला तर सगळ्यात गोड असतो म्हणतात.

केप्याची_निर्मला | ७ मे, सकाळी ८:००

रानमेवा, खूण म्हणून ठीक. पण तो उष्टा आंबा कोणी खाऊ नका, पोरांना तर अजिबात देऊ नका. निपाह विषाणू फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या लाळेतून पसरू शकतो. ज्याच्यावर दात किंवा चोच दिसते तो पुरून टाका.

रानमेवा | ७ मे, सकाळी ८:३०

मान्य. आजच घरी सांगतो.

बार्देशची_स्वाती | ८ मे, दुपारी ४:४५

हा धागा मी रोज वाचतेय, पण लिहायचं धाडस होत नव्हतं. २०२१ मध्ये कोविड झाला आणि माझा वास गेला. परत आलाच नाही. मे महिना आला की घरातल्या सगळ्यांना अढीचा वास येतो आणि मी त्या खोलीत नुसती उभी असते. पहिल्या वर्षी मी आंब्याला हात लावला नाही. मग ठरवलं की बाकीच्या इंद्रियांनी शिकायचं.

मी काय करते ते सांगते. अंगठा वापरत नाही, कारण अंगठा एका जागी जोर लावतो. आंबा तळहातावर ठेवते आणि पाचही बोटं सैल मिटते. दाबायचं नाही, फक्त धरायचं. आंबा कोयीकडून बाहेर पिकत येतो, म्हणून सालीला मऊपणा सगळ्यात शेवटी कळतो. पण पूर्ण तळव्याला तो थोडा आधी कळतो. कच्चा आंबा हातात दगडासारखा परका वाटतो, पिकलेला हाताचा आकार घेतो. दुसरं, देठाचा खळगा. रोज सकाळी तिथला रंग बघते. तिसरं, सालीवरून करंगळी फिरवते. अढीत घातल्या दिवशी साल ताणलेली आणि गुळगुळीत असते, नंतर तिला किंचित चिकटपणा येतो.

केळ्याचं यापेक्षा सोपं आहे. कोवळ्या केळ्याच्या कडा धारदार असतात, भरलं की गोल होतात. मयड्याची मोठी केळी मी डोळे मिटून ओळखते. सीताफळाचे डोळे उघडतात, फटी पिवळसर होतात. चिकूवरचा तपकिरी भुसा हाताला झडतो. चिकू नखाने खरवडून हिरवं दिसतंय का बघतात, ते मी करत नाही. खरवडलेल्या जागी तो कुजतो.

गेल्या वर्षी घरातल्या सगळ्यांच्या आधी मी सांगितलं की आज हे सहा खायचे. सहाही बरोबर निघाले.

म्हापसा_शुक्रवार | ८ मे, संध्याकाळी ७:३०

स्वातीताई, कधी बाजारात आलात तर माझ्या पाटीतले आंबे तुम्ही हातात घ्या. तुम्हाला मी कधीच अडवणार नाही.

फोंड्याची_माई | ८ मे, रात्री ९:००

स्वाती, हे लिहिलंस ते फार बरं केलंस बाय. पूर्ण तळव्याने धरायचं, हे मी आज करून बघितलं. फरक कळतो.

कुडचड्याचा_अमेय | १० मे, सकाळी ११:२०

यंत्राबद्दल माईंनी विचारलं होतं. मी अन्नतंत्रज्ञान शिकलोय, थोडं सांगतो.

रस काढून गोडी मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर किंवा फळात दांडा खुपसून टणकपणा मोजणारं उपकरण, दोन्हींत फळ जातं. फळ न फोडता मोजण्याची आज सगळ्यात पुढे गेलेली पद्धत प्रकाशाची आहे. डोळ्याला दिसतो त्या तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश, साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटर, सालीतून काही मिलिमीटर आत जातो. पाणी, साखर, पिष्ट त्यातला वेगवेगळा भाग शोषतात. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र गरातला शुष्कांश म्हणजे पाणी सोडून उरलेला भाग काढतं. काढणीच्या वेळी शुष्कांश जास्त, तर पिकल्यावर गोडी जास्त. म्हणजे सरांची बादली जे घनतेने सांगते तेच हे प्रकाशाने सांगतं. हातात मावणारी यंत्रं निघालीत, ऑस्ट्रेलियात आंब्याच्या बागांत ती वापरतात. झाडावर लटकलेल्या फळाला टेकवून आकडा घेता येतो.

मर्यादाही आहेत. जातीप्रमाणे यंत्राला शिकवावं लागतं. हापूसवर शिकवलेलं मानकुरादवर तसंच चालत नाही, आधी शेकडो मानकुराद मोजून, कापून, पुन्हा मोजून त्याला दाखवावे लागतात. फणसाची, कलिंगडाची साल जाड, प्रकाश गरापर्यंत पोचत नाही. माझी मनापासून इच्छा आहे की हे काम मानकुरादसाठी व्हावं. जुन्या गोव्यात, एला इथे केंद्र सरकारची किनारी शेती संशोधन संस्था आहे, आपल्या फळांवर काम करणारी. पाच झाडं असलेल्याने यंत्र घेऊ नये, पण गावच्या शेतकरी सोसायटीने एक घेतलं तर सगळ्यांना पुरेल.

पेडण्याचा_बागायतदार | १० मे, दुपारी २:००

अमेय, त्या यंत्राला शिकवायला माझ्या बागेतले शंभर आंबे मी देतो. लिहून ठेवा.

डिचोलीकर | १२ मे, सकाळी ९:१५

बाजारातून घेणाऱ्यांसाठी एक. सगळे आंबे एकसारखे पिवळे आणि वास शून्य, तर थांबा. कार्बाईड, म्हणजे आंबे पिकवायची रासायनिक पूड, वापरलेली असू शकते.

कुडचड्याचा_अमेय | १२ मे, सकाळी १०:००

बरोबर. कार्बाईडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. तो फळाच्या स्वतःच्या इथिलीनसारखा वागून हिरवा रंग उडवतो. रंग उडणं आणि गोडी येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कोवळा आंबाही पिवळा दिसतो. शिवाय त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत त्याला बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग), चालतो. पण इथिलीननेही कोवळा आंबा गोड होणार नाही.

सत्तरीचा_माणूस | १२ मे, रात्री ९:५०

म्हणून मला काजू आवडतो. बोंडू पिकला की आपसूक खाली पडतो. फेणीसाठी पडलेलाच वेचायचा, झाडावरचा ओढायचा नाही, ही आमच्याकडची जुनी शिस्त आहे. जो घाईने ओढतो त्याचा रस तुरट.

फोंड्याची_माई | २३ मे, संध्याकाळी ६:३०

मी परत आलेय. सगळं करून बघितलं, म्हणून वेळ लागला.

९ तारखेला पाडेलीला बोलावलं. मी खाली उभी राहिले, अगदी सासरे उभे राहायचे तिथेच. खांदे भरलेले आणि देठ खळग्यात गेलेला, तेवढेच काढायला सांगितले. पाडेली म्हणाला, "माई, म्हातारेबाबही अशेंच सांगताले." मला काही बोलता आलं नाही.

साठ आंबे निघाले. पाणी सकाळपासून उन्हात ठेवून कोमट केलं होतं. साध्या पाण्यात आठ तरंगले, बावन्न बुडाले. ते बावन्न मिठाच्या पाण्यात टाकले: चौतीस तरंगले, अठरा तळाला. तीन वेगळ्या अढ्या घातल्या, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

आठवड्याभराने काय झालं ते सांगते. तरंगलेले आठही पिवळे झाले आणि सुरकुतले. हे गेल्या वर्षीचेच आंबे! तळाला गेलेले अठरा सहाव्या दिवशी पिकले, फार गोड. त्यांतल्या दोनांत अळी निघाली. नीट बघितलं तर सालीवर सुईच्या टोकाएवढं भोक होतं, फळमाशीचं. ते पाण्याला कळत नाही, डोळ्यालाच शोधावं लागतं. आणि मधले चौतीस सावकाश, एकसारखे पिकत आले.

१९ तारखेला दुसरी खेप उतरवली. त्यातले मधले अठ्ठेचाळीस पिकायच्या आत पेटीत भरून पुण्याला पाठवले. काल मुलीचा फोन आला. पेटीत अजून हिरवट आहेत म्हणाली. मी तिला सांगितलं, दाबू नकोस, तळहातावर धरून बघ. नात मागून ओरडत होती की तिला पण धरायचंय.

सर्वांना देव बरें करूं. फणसाच्या देठावरचं पान कालपासून पिवळं पडायला लागलंय. सत्तरीचे दादा, काटे अजून टोकदार आहेत आणि थापेचा आवाज मला नीट कळत नाही. आवाज फोनवर टिपून इथे टाकू का?

सत्तरीचा_माणूस | २३ मे, रात्री ८:१०

टाका. पण सकाळी टिपा, वारा पडलेला असताना, आणि थाप मधोमध मारा. काटे टोकदार आहेत तोवर दोरी बांधू नका.